किस गधे का काम है?

बदली होऊन कलकत्त्याला आल्यावर मी चार मालकांच्या हातांतून गेलेली एक मोटार घेतली. दुरुस्तीसाठी बेहाला भागातल्या एका मिस्त्रीकडे जाऊ लागलो. गाडीखाली शिरून आधीच्या कुणाची जोडाजोड सापडली की तो तिथूनच ओरडायचा, “देखिए मोशाय, किस गधे का काम है!”

मग मला वाकून पाहावंच लागे. एकदा पेट्रोलच्या टाकीचं भोक साबणाच्या वडीने बुजवलेलं निघालं. एकदा सीटमध्ये स्प्रिंगऐवजी हार्मोनियमचा भाता निघाला, तेव्हा त्याने शेजारचे दुकानदारही बोलावले.

एका सकाळी मात्र गाडीखालून आवाजच येईना. मी वाकलो.

“ब्रेक का रॉड टूटा है,” तो हळूच म्हणाला. “पीतल की कड़छी लगाके तार से बाँधा है।”

“किस गधे का काम है?” रॉडच्या जागची ती पितळी पळी बघत मी विचारलं.

“मेरा। कड़छी मेरी घरवाली की है। चार साल से ढूँढ रही है।”

आधीच्या मालकासाठी त्याने जोडलेल्या त्याच ब्रेकवर मी बायको-मुलीला दर रविवारी बजबजला नेत होतो. रागाने मी गाडीचं दार आपटलं. त्याने बाहेर येऊन सगळ्या दुकानदारांना हाका मारल्या, एकेकाला वाकायला लावलं आणि खणखणीत आवाजात स्वतःला गधा म्हणून घेतलं.

नवा रॉड बसवल्यावर आम्ही खिदिरपूरच्या पुलावर गेलो. मला खाली उतरवून त्याने दार ओढून घेतलं. “आप नहीं। मैं अकेला।”

उतारावरून भरधाव येऊन त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. वळवून तो पुन्हा वर गेला. असं सात वेळा झाल्यावर घाम पुसत तो म्हणाला, “अब भाभीजी को बिठाइए।”