काझिकभावजींचं ताट

आता सांगलीच्या मंदाकिनीबाईंचा पोलंडच्या राजकारणाशी काय संबंध, असं कुणीही विचारील. विचारा खुशाल. बाईंचं लग्नच त्या राजकारणाशी लागलं होतं, त्याला त्या तरी काय करणार? कॅनडातल्या रेक्सडेलच्या प्लॅस्टिकच्या फॅक्टरीत त्या कामाला होत्या आणि शेजारच्या मशीनवर युरेक. पोलंडमध्ये लष्कराने संपकऱ्यांची धरपकड सुरू केली, त्यानंतर देश सोडून आलेला. लंच ब्रेकमध्ये हा प्राणी बाईंच्या डब्यातली पोळीभाजी मागून खायचा आणि बदल्यात कम्युनिस्टांच्या नावाने खडे फोडायचा. "मला वाटलं, लग्न झाल्यावर थांबेल. कसलं काय!" असं बाई सांगायच्या.

युरेकचा धाकटा भाऊ काझिक मागे गावीच राहिला होता. तो वडिलांसारखाच शेतकऱ्यांच्या जुन्या पक्षातला. हिरवा झेंडा, त्यावर चार पानांचा क्लोव्हर, म्हणजे त्यांच्याकडचं शुभ मानलेलं गवत. युरेकचं म्हणणं, हा पक्ष कम्युनिस्टांच्या मांडीवर बसून वाढला. काझिकचं म्हणणं, तुम्ही संप करून पळून गेलात, शेतं आम्ही सांभाळली. तरीही युरेकनेच पुढे त्याला स्पॉन्सर करून कॅनडात आणलं. काझिक हॅमिल्टनला वेल्डर म्हणून लागला. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "मी तुमची वहिनी, तुम्ही माझे भावजी." तेव्हापासून तो त्यांना 'वैनी' म्हणायचा, तेही अगदी प्रेमाने.

पोलिश माणसांचा मोठा सण म्हणजे नाताळची आदली संध्याकाळ. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. टेबलक्लॉथखाली थोडं गवत, बीटाचं सार, मासे, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या. आणि एक ताट जास्तीचं मांडायचं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला बाईंनी ते रिकामं ताट पाहिलं आणि त्यांना वाटलं, हे गेलेल्यांचं पान. आपल्याकडे पितरांचं वाढतात ना, तसं. त्यांनी त्यात सगळे पदार्थ थोडे थोडे वाढले, हात जोडले आणि सासऱ्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. युरेक हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "अगं, हे मेलेल्यांचं नाही! वाट चुकलेला कुणी दारात आला तर त्याचं. ते रिकामंच ठेवायचं." पुढे काझिक कॅनडात आल्यावर युरेकने ही गोष्ट त्यालाही सांगितली. मग काय, दर नाताळला दोघे भाऊ मिळून वैनींना चिडवायचे. घर नुसतं दणाणून जायचं.

हे सगळं वडिलांच्या मयतीपर्यंत. म्हातारा गेला तेव्हा दोघे भाऊ गावी गेले. काझिकने शवपेटीवर पक्षाचा हिरवा झेंडा घातला, कारण म्हाताऱ्याची तशी इच्छा होती. युरेकने भरल्या चर्चमध्ये पुढे होऊन तो झेंडा ओढून काढला आणि घडी करून भावाच्या हातात कोंबला. बस्स. परतीच्या विमानात दोघे वेगवेगळ्या रांगेत बसून आले. मग वर्षांमागून वर्षं गेली. हॅमिल्टन काय चंद्रावर आहे का? तासाभराचा रस्ता! पण दोघेही हट्टाला पेटलेले. नाताळला जास्तीचं ताट मांडताना युरेक ते मुद्दाम काझिकच्या जुन्या जागेवर ठेवायचा आणि रात्रभर दाराकडे पाहायचं टाळायचा. बाईंना कळायचं. त्या सार वाढायच्या.

मग पोलंडमध्ये एक नवा पक्ष निघाला. टीव्हीवरचा निवेदक राजकारणात उतरला, स्वच्छ बोलायचा, भांडणाऱ्या दोन्ही मोठ्या पक्षांना कंटाळलेल्यांना हाक मारायचा. युरेक त्याच्यावर फिदा. रोज जेवताना त्याची भाषणं. आणि दोन हजार तेवीसच्या एप्रिलमध्ये बातमी आली की या नव्या पक्षाने युती केली आहे. कुणाशी? शेतकऱ्यांच्या जुन्या पक्षाशी! नाव ठेवलं 'तिसरी वाट'. युरेकने कॉफीचा मग टेबलावर असा आदळला की बशी उडाली.

"आता मी काझिकच्या क्लोव्हरला मत देऊ?"

बाईंना हसू आवरेना. "द्या की! तुमच्या पुढाऱ्यांना जमलं, तुम्हाला का जमू नये?" त्यांनी त्याच्यासमोरच फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. "भावजी, तुमचा भाऊ आता तुमच्याच यादीला मत देणार आहे. त्याला गाडी चालवायला जमत नाही हल्ली, गुडघे दुखतात. मतदानाला तुम्ही न्यायला या." गुडघे दुखत नव्हते. मतदान अजून सहा महिन्यांवर होतं. तरी पलीकडून काझिक म्हणाला, "वैनी, किती वाजता?"

ऑक्टोबरमध्ये मतदान झालं, कॅनडातल्या पोलिश लोकांसाठी एक दिवस आधी. मिसिसागात ही लांबलचक रांग, वर गार वारा. युतीला एकट्या पक्षापेक्षा जास्त टक्के लागतात, नाहीतर एकही जागा नाही, म्हणून दोघेही धास्तावलेले. बाईंनी थर्मासमधून चहा नेला होता. एकाच झाकणातून दोघे भाऊ आळीपाळीने प्यायले. पहिला विषय हवामान, दुसरा गुडघे, तिसरा आईच्या हातचं काकडीचं लोणचं. निकाल लागला, तिसरी वाट चांगलीच निघाली आणि सरकारातही बसली. त्या नाताळला काझिक आला आणि आपल्या जागी बसला. मग युरेकने कपाटातून आणखी एक ताट काढून मांडलं. मुलगी ऊर्मी लांबच्या कनाटा गावाहून आली होती, ती म्हणाली, "Mom, why are you crying?" बाई म्हणाल्या, "कांदा कापलाय गं." कांदा कुठेच नव्हता.

पण युती टिकवणं म्हणजे काय खायचं काम आहे? तिकडे सरकारात कुरबुरी सुरू झाल्या, इकडे फोनवर. पुढच्या उन्हाळ्यात युरोपच्या निवडणुकीत मतं निम्म्यावर आली. युरेक म्हणे, तुझे शेतकरी सगळ्याला खो घालतात. काझिक म्हणे, तुझा टीव्हीवाला नुसता बोलतो. पंचवीसच्या मेमध्ये तोच अध्यक्षपदाला उभा राहिला आणि पार आपटला. जूनमध्ये दोन्ही पक्ष वेगळे झाले, अगदी शांतपणे, हात मिळवून. पुढारी हात मिळवून मोकळे झाले हो, भांडायचं राहिलं ते या दोन म्हाताऱ्यांनी.

"तुझ्या लोकांनी आमच्या माणसाला मतंच दिली नाहीत," युरेक फोनवर ओरडला. "बापाच्या पेटीवरून तो झेंडा काढला तेच बरोबर केलं मी!"

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा युरेकला पॅनक्रियासचा कॅन्सर निघून महिना झाला होता. काझिकला ठाऊक नव्हतं. "त्याची दया नको मला," म्हणून युरेकने बाईंकडून वचन घेतलं होतं. बाईंनी ते पाळलं जुलैपर्यंत. मग बेसमेंटमध्ये जाऊन हळूच फोन लावला आणि सगळं सांगितलं. काझिक रडला. पण म्हणाला, "वैनी, झेंड्याबद्दल तो एक शब्द बोलू दे. एकच. मी तिथून निघतो." वर येऊन बाईंनी युरेकला विनवलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आधी त्याने फोन करावा." बाई दोघांमध्ये ये-जा करून थकल्या. कुणाची समजूत काढणार? एक मरायला टेकलेला, दुसरा रुसलेला, आणि वयं दोघांची सत्तरीच्या पुढे! त्यांनी शेवटी बादली आपटली आणि मराठीत दोघांचाही उद्धार केला.

ऑक्टोबरात युरेक गेला. शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की तो डोळे उघडायचा. नर्स असायची.

मयतीला काझिक आला. चर्चच्या अगदी शेवटच्या बाकावर बसला, कोट न काढता. बाईंना वाटलं, पुढे येईल. तो आला नाही, आणि प्रार्थना संपायच्या आत उठून गेला. बाईंना इतका संताप आला की त्यांनी मनोमन ठरवलं, याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

तरी चोवीस डिसेंबरला त्यांनी सगळं केलं. ऊर्मीला बाळामुळे येता आलं नाही. एकटीसाठी कशाला, असं शेजारीण म्हणाली, पण बाईंनी सार उकळलं, करंज्या केल्या, गवत पसरलं. स्वतःचं ताट मांडलं आणि एक जास्तीचं, काझिकच्या जागेवर. राग होता, पण हात तिकडेच गेला. युरेकच्या खुर्चीपुढे काहीच नव्हतं.

बर्फ पडत होतं, चांदणी दिसायचा प्रश्नच नव्हता. पाचच्या सुमारास दार वाजलं. बाहेर काझिक, टोपीवर बर्फ, हातात लोणच्याची बरणी.

"वैनी, वाट चुकलो," तो म्हणाला.

बाई दारातून बाजूला झाल्या. "या भावजी. तुमचं मांडलेलंच आहे."

तो आत आला. आपल्या जागेपाशी उभा राहिला, पण बसला नाही. त्याने ते ताट उचललं आणि युरेकच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवलं. मग पळीने त्यात थोडं सार वाढलं, थोडा मासा, दोन करंज्या, बरणीतली एक काकडी. सार टेबलक्लॉथवर सांडलं. वाढून झाल्यावर त्याने बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही त्या वर्षी केलं होतं तसंच. बरोबर आहे ना? पुढे काय करायचं असतं?"

आयुष्यभर ज्याने त्या ताटावरून चिडवलं, तो आज विचारत होता. बाईंचा राग कुठल्या कुठे गेला आणि उरलं ते सहन होईना. "हात जोडायचे," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि त्याचं नाव घेऊन, जेव म्हणायचं."

काझिकने हात जोडले. 

"युरेक," तो म्हणाला. जूनपासून पहिल्यांदा त्याने भावाला हाक मारली, आणि ओ द्यायला तो नव्हता. "युरेक, मी आलोय रे. जेव."