कोलेस्टेरॉल उतरल्याचे पेढे

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरपूरहून मंगरूळपीरच्या बसमध्ये होतो. उतरून थेट दवाखान्यात जायचं म्हणून त्यांच्यासाठी केळी घेतली होती. त्या केळ्यांचं आता काय करावं, हेच कितीतरी वेळ कळेना...

त्यांचं गाद्यांचं दुकान आणि माझं बियाण्यांचं, मधे एक भिंत. माणूस खाण्याचा भारी शौकीन. मटणावर तर्री दिसली नाही तर ताट सरकवणारा. हृदयाचा पहिला त्रास झाला, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, आणि त्यांच्या बायकोनं, नजमाभाभींनी, घरातलं तूप बंद केलं, त्यांच्यापुरतं वरण फोडणीआधीच बाजूला काढायला सुरुवात केली. मला पाहिलं की हमीदभाईंचं गाऱ्हाणं सुरू व्हायचं, "तुही भाभी मले रोग्याचं खाऊ घालून राह्यली रे!" कुरकुर सगळ्या गल्लीला ऐकू जायची, पण ताट मात्र स्वच्छ व्हायचं.

पुढं हृदय थकतच गेलं. पायांवर सूज, बोलताना धाप. शेवटचं भरती केलं तेव्हा तपासणीत कोलेस्टेरॉल एकदम खाली आलेलं दिसलं. भाभींना कोण आनंद! त्यांनी सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. डॉक्टरांनी पेढा नुसता हातात धरला आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "हृदय इतकं दमलेलं असताना ते असं आपोआप उतरणं चांगलं लक्षण नाही. शरीर झिजतंय." मी आत आलो. हमीदभाईंनी माझा चेहरा वाचला असावा. भाभींच्या हातून पेढा घेत ते एवढंच म्हणाले, "खाऊ दे रे. कमावलेला हाय तिनं."

मातमपुर्सीला, सांत्वनाला म्हणून आलेल्या कुणीतरी भाभींसमोर अक्कल पाजळली, की कोलेस्टेरॉल फार कमी झालं तरी माणूस जातो. मला त्या माणसाचा अजून राग येतो. भाभींनी मला विचारलं, "भाऊ, मीच मारलं काय त्यायले?" मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "ते आजारानं उतरलं, तुमच्या जेवणानं नाही. तुमचं पथ्य बरोबरच होतं," डॉक्टरांनी समजावलं. भाभींनी मान हलवली.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. मुलांना, मला तर्रीदार मटण. भाभी मात्र फोडणीआधी बाजूला काढलेलं वरण घेऊन बसल्या. मी म्हटलं, "भाभी, आता कायले?"

वाटीतून नजर न काढता त्या म्हणाल्या, "खाऊन पायते, भाऊ... याच्यानं मानूस मरते काय."