समोरचा माणूस बघून

आमच्या जळगावच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत शब्दांचा खेळ चालायचा. चिठ्ठीवरचा शब्द बघून एकाने दुसराच एक शब्द बोलायचा आणि जोडीदाराने चिठ्ठीतला ओळखायचा. आवक-जावक सांभाळणारे गृहस्थ ज्या गटात, तो गट हमखास जिंकायचा.

ते चिठ्ठी वाचून लगेच खिशात घालत आणि बडीशेप चघळत जोडीदाराच्या तोंडाकडे बघत बसत. "चिठ्ठीमा काय शे? समोरना माणूस देखा," असं त्यांचं म्हणणं. 'उशीर' आला तेव्हा आम्ही 'घड्याळ' म्हटलं असतं. पाचोऱ्याहून रोज गाडीने येणाऱ्या टायपिस्टबाईंना ते नुसतं 'पॅसेंजर' म्हणाले. बाईंनी पटकन ओळखलं.

एकदा मी त्यांचा जोडीदार होतो. साहेबही खुर्ची ओढून खेळ बघत होते. आमच्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "कापूस." माझं बोंड, सरकी, जिनिंग, सगळं म्हणून झालं. शब्द निघाला 'खोटं'. आम्ही हरलो आणि सगळे त्यांना हसले.

ऑफिस सुटल्यावर सायकलींपाशी मी चिडून विचारलं, "कापसाचा आणि खोट्याचा काय संबंध?"

"काहीच नाही. 'ताप' म्हटलं असतं तर तुम्ही लगेच ओळखलं असतं, भाऊ. पण साहेब बसेल व्हतात."

मागच्याच आठवड्यात ताप आल्याचं कळवून मी मेव्हण्यासाठी मुलगी बघायला धुळ्याला गेलो होतो. ऑफिसात हे कुणालाही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.