आईच्या सहीचं पत्र

दादा घर सोडून गेला तेव्हा मी पहिलीत होते. तो जहाजावर भटारखान्यात लागला होता. एकदा अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात उतरला, तो पुन्हा चढला नाही. तिथल्या हॉटेलांत भांडी घासत, कांदे चिरत राहिला. कागद होईपर्यंत त्याला परत येता येत नव्हतं आणि कागद व्हायला तेरा वर्षं लागली. ते कसे झाले हे आम्ही विचारलं नाही. आमच्यासाठी दादा म्हणजे आधी फोनमधला आवाज होता, मग फोनमधला चेहरा झाला.

आमचं गाव उरणच्या बाजूला आहे. बाबा मिठागरात होते. मिठागरं गेली तसे कंटेनर यार्डावर वॉचमन झाले. आईला सही करता येते, आकडे कळतात, पण वाचता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून गल्लीतल्या बायका मला मास्तरीण म्हणतात, अर्धं कौतुकाने आणि अर्धं चिडवायला.

दादाने लग्नाचं सांगितलं तेव्हा आई वाल सोलत बसली होती. मुलगी चीनची होती. अमेरिकेत शिकायला आलेली असताना दादाच्या शेजारच्या हॉटेलात गल्ल्यावर बसायची. वडील आजारी पडले म्हणून ती परत गेली होती. दादाला तिला अमेरिकेत न्यायचं होतं, पण त्याआधी गावाला येऊन लग्न करायचं, असं तोच म्हणाला.

"मासली खाते ना?" आईने विचारलं.

"आपल्यापेक्षा जास्त खाते."

"मंग झाला. घेऊन ये."

फोन ठेवल्यावर मात्र मी टोपात बघितलं. वालाची टरफलं एकीकडे आणि दाणे एकीकडे टाकायचे, ते तिने सगळे एकाच टोपात टाकले होते.

वहिनीला इकडचा व्हिसा मिळायला काही महिने गेले. मार्गशीर्षात दोघं आली. पहिल्याच दिवशी वहिनीने फडक्यावर वाळत घातलेला जवळा चिमटीत उचलला, वास घेतला आणि तोंडात टाकला. आई बघतच राहिली. मग शेजारी जाऊन सांगून आली, "आपलीच हाय गो, निस्ती बोलाया येत नाय."

आमच्याकडे हळदीला धवलारीण येते. भटजीच्या आधी तिचा मान. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. ते सगळे आले असं धरूनच नवऱ्याला हळद लागते. आईने आज्याचं, आजीचं आणि माझ्याआधी जन्मून गेलेल्या एका भावाचं नाव धवलारणीच्या कानात सांगितलं. त्या भावाचं नाव ठेवलं होतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

गायला सुरुवात करण्याआधी धवलारणीने दादाकडे बघितलं. नवऱ्याचं लग्न आधी झालेलं असलं तर आमच्या गावात सगळे धवले गात नाहीत, म्हणून ती विचारते.

"काय रं, लगीन लागलाय का कवा?"

"नाय गो आजे."

"यवरा थांबलास! मना वाटला तिकरं कोनीतरी ठेवली आसंल."

मांडवात हशा पिकला. दादाही हसला. वहिनीला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली.

त्या दोन दिवसांत दादा फोटोंच्या फार मागे होता. अंगावर हळद असतानाही तो फोनमध्ये बघून फोटोवाल्याला सांगत होता. आता आईबाबांबरोबर. आता दोघं एका ताटात जेवताना. आता दारात, घर पूर्ण दिसलं पाहिजे. "आये, तिच्या खांद्यावर हात ठेव. असा नाय, नीट." मला वाटलं, इतकी वर्षं त्याच्याकडे आमच्याबरोबर काढलेला एकही फोटो नव्हता, म्हणून असं करत असेल. मला त्याची दया आली होती, हे आता लिहिताना लाज वाटते.

अकरा दिवसांनी दादा अमेरिकेला गेला आणि वहिनी चीनला परतली. तिचे कागद पुरे व्हायचे होते. त्यात दादाने माझी मदत मागितली. फोटो निवडायचे, प्रत्येकाखाली इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या, मराठी कागदांचं भाषांतर करायचं. मी हे सगळं फार मन लावून केलं. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसते, पण इथे माझ्या इंग्रजीवर एका माणसाचा संसार उभा राहणार होता.

वहिनीची मुलाखत व्हायची होती, त्याची तयारीही मी घेत होते. संध्याकाळी आम्ही दोघी व्हिडिओवर बसायचो. तिचं इंग्रजी तुटकं, माझंही तुटकं, त्यामुळे कोणालाच लाजायचं कारण नव्हतं. नवऱ्याला कुठला मासा आवडतो, असं मी विचारायचे. "निवटी," ती म्हणायची आणि हाताने चिखलात उड्या मारणारी निवटी करून दाखवायची. हे झालं की ती माझ्याकडून मराठी आकडे शिकायची. एक, दोन, तीन. "तीन" तिला छान यायचं. "चार"ला हसायची.

मग एक दिवस दादाने भरलेला फॉर्म पाठवला, आईबाबांच्या नावांचं स्पेलिंग तपासायला. त्यात लग्नाची तारीख होती. लग्नाचं ठिकाण चीनमधलं होतं आणि तारीख आमच्या हळदीच्या सव्वा वर्ष आधीची. मी लगेच फोन लावला.

"दादा, तारीख चुकली आहे."

"नाही चुकली."

मी तारीख पुन्हा वाचली. तोच म्हणाला, "अगं, ती नुसती नोंदणी. माझे कागद झाल्यावर तिकडे गेलो होतो, तेव्हा ऑफिसात जाऊन सही केली, पंधरा मिनिटं. खरं लग्न आपलं गावचंच."

"मग हळदीच्या मांडवात आजीने विचारलं तेव्हा 'नाय' का म्हणालास?"

"कुठली आजी?"

त्याला आठवतही नव्हतं.

फॉर्मबरोबर चुकून वकिलाचं एक पत्रही आलं होतं. मी ते दोनदा वाचलं. पहिल्या अर्जावर तिकडच्या सरकारी ऑफिसाने शंका काढली होती, कारण दोघांचे घरच्यांबरोबर फोटो नव्हते आणि कुठला समारंभ झालेला नव्हता. म्हणून काय काय पुरावा जोडायचा याची यादी होती. आईवडिलांबरोबर. एकत्र जेवताना. कुटुंबाच्या घरासमोर. मी इतक्या प्रेमाने लावलेले फोटो त्याच क्रमाने होते.

मी घाबरत घाबरत वहिनीला विचारलं. तिने फोनवरच्या भाषांतराने लांबलचक उत्तर पाठवलं. त्यांच्याकडे आधी कागद करतात आणि जेवण मागाहून, सवडीने. तिच्या वडिलांच्या दुखण्यात ते जेवण राहूनच गेलं होतं. तुमच्याकडे झालं म्हणून तिला बरं वाटलं. शेवटी लिहिलं होतं, "आई फार चांगल्या आहेत. आम्ही एवढा उशीर केला तरी एकदाही रागावल्या नाहीत." दादाने तिला सांगितलं होतं की घरी सगळं माहीत आहे. तिला खरं काय ते मीही सांगितलं नाही.

आठवड्याने दादाचा पुन्हा फोन आला. आईच्या नावाचं एक पत्र हवं होतं.

"तिला लग्नाचं सुरुवातीपासून ठाऊक होतं आणि तिचा आशीर्वाद होता, असं लिही."

"पण तिला ठाऊक नव्हतं."

"घरच्यांपासून लपवलेलं लग्न म्हणजे खोटं लग्न, असं ते लोक धरतात. वहिनीचा विचार कर. ती तिथे एकटी अडकली आहे."

"मग आधी आईला सांग."

"सांगतो ना. तिचे कागद झाले की मीच सांगतो. आत्ता सांगितलं तर ती सही करेल का?"

नाही करणार, हे मला माहीत होतं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याने वहिनीचं नाव घेतलं होतं आणि वहिनीचं लग्न काही खोटं नव्हतं. मी स्वतःला असं समजावलं की खऱ्या गोष्टीसाठी एकच वाक्य खोटं लिहिते आहे.

पत्र एका पानाचं झालं. मी ते आईसमोर ठेवलं. ती बोंबील साफ करत होती. हात धुऊन, पदराला पुसून बसली.

"काय लिवलाय?"

"वहिनी आपल्या सगळ्यांना पसंत आहे. तू तिला लेकीसारखी मानतेस."

हेही पत्रात होतं. दुसऱ्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य मी सांगितलं नाही.

"तू लिवलास ना, मंग बस." तिने पेन घट्ट धरलं आणि जीभ दातांत पकडून एकेक अक्षर काढत सही केली. सही तिरकी गेली म्हणून तिला वाईट वाटलं. दुसऱ्या कागदावर करू का, असंही तिने विचारलं.

वहिनीचं काम झालं. पावसाळ्यात ती अमेरिकेत पोचली. दादा रात्रीपर्यंत हॉटेलात आणि ती दोन खोल्यांत एकटी, त्यामुळे तिचे फोन मलाच यायचे. बँकेत काय बोलायचं, बसमध्ये पैसे कुठे टाकायचे, हे तिला मी सांगत होते. मी स्वतः कधी ठाण्याच्या पुढे गेलेली नाही. एकदा तिने आईने बांधून दिलेला जवळा तव्यावर टाकला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. तिला वाटलं आता पोलीस येणार आणि तिचे कागद रद्द होणार. मी फोनवर "खिडकी, खिडकी" करत होते आणि आई मागून ओरडत होती, "तिला सांग, निखाऱ्याव भाज!"

दर रविवारी मी दादाला विचारायचे, सांगितलंस का. पुढच्या रविवारी, तो म्हणायचा.

गणपती होऊन गेल्यावरचा एक रविवार होता. सकाळीच वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिने साडी नेसली होती, आमच्याकडचीच, हळदीच्या वेळची. फोन टेबलावर टेकवलेला आणि समोर केक. केकवर आकड्याची मेणबत्ती होती. आई फोनजवळ सरकली.

"दोन कसला हाय?"

वहिनीने खुशीत दोन बोटं वर केली. "दोन वर्ष, आई. लग्न. दोन."

आई हसली. तिला वाटलं, पोर शब्द चुकली. मग तिने मेणबत्तीकडे परत बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हलद तं मार्गशिर्षात झाली."

दादा वहिनीच्या मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "आये, आवाज कट होतोय," तो म्हणाला, "नेटवर्क नाय, मागून करतो." आणि फोन बंद झाला. मला त्याचा एवढा राग कधीच आला नव्हता. फोन बंद होईपर्यंत वहिनीचे श्वास ऐकू येत होते, इतका आवाज साफ होता.

"तुना ठाव होता?" आईने विचारलं.

"हो."

"कवापासना?"

"पत्राच्या आधीपासून."

मग मी सगळं सांगितलं. फॉर्मची तारीख, वकिलाची यादी, पत्रातलं ते वाक्य. सांगून झाल्यावर आई म्हणाली, "मी सगल्यांना नावा घेऊन बोलावला. माज्या मेलेल्या पोराला बोलावला."

"आये, दादाने मला..."

"तो लांब हाय. त्याची मना सवय झालीय. तू तं बाजूला बसली होतीस. तू मना पेन दिलास."

दादाशी ती आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी मी आंघोळ करून आले, तर फोनवर तिचा आवाज, "जेवलास का? काय केला व्हता?" वहिनीवर तर तिने कधी राग धरलाच नाही. मी दादाला मोठा मेसेज लिहिला होता, तीन दिवस खाडाखोड करून. त्याने वाचल्याचं दिसलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "आईशी बोललो आहे, ती ठीक आहे. तू जास्त विचार करतेस. वहिनीचं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं आहे, पुढे परत पत्रं लागतील, तेव्हा तुझी मदत लागेल." खाली हात जोडल्याचं चित्र होतं.

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. वहिनीने मात्र त्या दिवशी तिचं काय चुकलं म्हणून मला विचारलं आणि मी काही नाही म्हटलं. तिला सांगितलं तर दादाने तिच्याशीही काय केलं ते सांगावं लागेल आणि त्या परक्या गावात तिला तोच एक आहे.

गेल्या महिन्यात माझ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आला. शेवटच्या पानावर पालकाची सही लागते. बाबा ड्युटीवर होते आणि कॉलेजात द्यायचा शेवटचा दिवस होता. मी फॉर्म आईपुढे ठेवला आणि पेन न देता बाजूला उभी राहिले.

"काय लिवलाय?"

मी सांगायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं, फॉर्म घेतला आणि चपला घातल्या. दोन घरं सोडून अंगणवाडीची काकी राहते. मी आमच्या ओट्यावरच थांबले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"अगो, तुजी पोर कालेजात जाते न् माज्याकरं कशाला आनलास?" काकी म्हणत होती. "मास्तरीन रुसली काय?"

"तू वाच."

काकीने नाव वाचलं, गाव वाचलं, बाबांचं उत्पन्न वाचलं, वरची माहिती खरी आहे हे वाक्यही वाचलं.

"आजून?"

"आजून काय नाय. बस, यवराच."

"मागच्या बाजूला?"

"कोरा हाय."

आई परत आली. भिंतीला टेकून खाली बसली, माझ्या बॅगेतून स्वतःच पेन काढलं आणि फॉर्म मांडीवर घेऊन सही केली. या वेळी सरळ आली.

"बरोबर लिवलास," ती म्हणाली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो वहीत ठेवला. बसला वेळ होता, तरी निघाले.