तांडेलाचं पोट

गोविंद तांडेल आमच्या घरी यायचा तो आधी अंगणात उभा राहून पोटाची खबर द्यायचा. "बाय, आज पोटात वावटळ हाय." नाहीतर, "भरती लागलीय गं, पानी गळ्याशी आलंय." कधी, "ओहोटी झाली, पन चिखल बसलाय." माझी बायको आतून म्हणायची, "या बाबा, ठेवते." मग तो पायरी चढायचा. त्याआधी नाही.

चीनशी लढाई झाली त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. तारापूरला मोठं बांधकाम निघालं होतं आणि मी तिथं गवंडी होतो. कोळीवाड्याला लागून एक खोली भाड्यानं घेतली होती. बायकोचं नाव भागी. जिवंत होती तोवर तिला नावानं हाक मारली नाही, आता लिहितो. तिनं मनोरहून, माहेरून, गवती चहाचं एक ठोंब आणलं होतं, ते मोरीच्या पाण्यावर माजलं होतं. त्याची पात, चिमूटभर ओवा, सुंठ आणि गुळाचा खडा, एवढं उकळून ती तांडेलाला द्यायची. दूध नाही. मला तो गवताचा पाला उकळल्यासारखा लागायचा आणि मी तसं म्हणायचोही.

तांडेल एके काळी स्वतःच्या होडीचा मालक. उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, डोळे कायम किलकिले, दूर काहीतरी बघत असल्यासारखे. बायको गेली, होडी विकली, एकुलता मुलगा मुंबईला गोदीत लागला. बाकी कोळीवाडा दिवस-रात्र दर्यात नाहीतर मासळीत. ह्याच्याशी बोलायला कुणाला वेळ? तो एकदा म्हणाला होता, "घरात काय बोललो तर भिंतीला लागून माघारी येतं रं. माझंच मलाच ऐकाया लागतं."

चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून, दिवेलागणीपर्यंत पुरवायचा. मी कामावरून आलो की हा बसलेला. वारं कुठून फिरलं, कुणाच्या जाळ्यात काय आलं, सगळं सांगायचा. बशी रिकामी झाली की लगेच उठायचा, गप्पा अर्ध्या असल्या तरी. त्याचा नेमच होता, बिनकामाचं कुणाच्या दारात बसायचं नाही. "भिकारी बसतो तसा," म्हणायचा. फुकट पीत नव्हताच. कधी मूठभर जवळा, कधी सुके बोंबील बायकोपुढं ठेवायचा.

एका हळदीला मी त्याच्या पंगतीला बसलो. बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या त्यानं अशा हाणल्या की वाढणारी थकली. घरी येऊन मी हसत म्हटलं, "ह्याचं पोट बिघडलंय म्हणतात!"

भागी म्हणाली, "तुमाला काय कळतंय? गप बसा."

मी गप बसणारा नव्हतो. मला वाटलं, म्हातारा रोज रोज कण्हतो, एकदा नीट इलाज होऊ दे. सुट्टीच्या दिवशी त्याला एस.टी.त घालून पालघरला डॉक्टरकडे नेलं. तो येत नव्हता, मीच ओढून नेलं. डॉक्टरनं पोट दाबलं, ठोकलं, जीभ बघितली, काय खाता विचारलं. तांडेलानं खरं खरं सांगितलं. डॉक्टर हसला. "आजोबा, ह्या पोटाला काही झालेलं नाही. दगड पचवाल. औषध नको, काढेबिढे पण बंद करा."

मी खूश. येताना बोईसरला गाडी थांबली तिथं त्याला म्हटलं, "तांडेल, सुटलात की!" तो खिडकीबाहेर बघत राहिला. मयताहून परत येणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा चेहरा. म्हणाला, "हां. बरा झालो म्हनायचं आता."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. चार घरांपलीकडं त्याचा दिवा दिसायचा, तो खोकला की ऐकू यायचं, पण अंगणात कुणी उभं राहायचं नाही. मी विचारलं तर भागीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "पोट बरं केलंत आनी मानूस घालवलात."

"मी काय वाईट केलं?"

"आता तो काय सांगून येनार आपल्याकडं? सांगा ना!"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

दोन-तीन दिवस तिनं वाट बघितली आणि मग मला न विचारता त्याच्या दारात गेली. मी कामावरून येऊन पाय धूत होतो. तिचा आवाज इथपर्यंत आला. "बाबा, ह्यांचं पोट जाम बिघडलंय. माझ्या हातचं काय लागू पडंना. तुमी येऊन करून द्या."

म्हातारा धावतच आला. माझ्या पोटाला आयुष्यात कधी काही झालं नव्हतं, पण भागीनं असे डोळे वटारले की मी पोट धरून भिंतीला टेकलो.

"सिमेट खातोस काय रं गवंड्या?" म्हणत तो चुलीपुढं बसला. पात दुप्पट टाकली, ओवा मूठभर, वर मिरी ठेचून घातली. "गटकन नाय! बशीबशीनं पी. पोटाला कळू दे काय येतंय ते." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं, दुखतंय. भागी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

मग त्यानं स्वतःसाठीही बशी भरली. "रोग्याला सोबत लागते," म्हणाला.

तो सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा मी रोज संध्याकाळी रोगी होतो. मी एखाद्या दिवशी जरा हसलो-बोललो तर तांडेल घाबरून विचारायचा, "बरा झालास की काय?" मी म्हणायचो, "छे, आत मुरडतंय अजून." तो समाधानानं ओवा चोळायला घ्यायचा. त्याला सगळं कळत होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

पावसाच्या तोंडाला त्याचा मुलगा आला. बापाला मुंबईला घेऊन जायचं म्हणाला. वाईट पोरगा नव्हता, इथं म्हाताऱ्याकडं बघणार कोण, हे त्याचंही खरंच होतं.

जायच्या दिवशी तांडेल सकाळीच आला. अंगात धुतलेला सदरा. आम्ही दोघं दाराशी उभे, तो काय खबर देतो म्हणून. तो अंगणात थांबलाच नाही. सरळ पायरी चढून आला आणि ओटीवर भिंतीला पाठ लावून बसला.

भागीनं विचारलं, "काय झालं बाबा? ठेवू का थोडा?"

"नको गं बाय. काय झालं नाय. असाच आलो."

तिनं चूल पेटवली नाही. खाली त्याच्यासमोर बसली. मीही कामावर गेलो नाही. बऱ्याच वेळानं मुलानं रस्त्यावरून हाक मारली, तेव्हा उठला, भागीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. पाऊस सरता सरता तो वारल्याचं मुंबईहून कळलं.

भागी जाऊन आता वर्ष झालं. शेजारच्या घरात संध्याकाळी माणसं बोलत बसतात, हसतात, चांगली माणसं आहेत. मी चपला घालून त्यांच्या कुंपणापर्यंत जातो. आतून कुणी विचारतं, "काय आजोबा, काय काम होतं?" मी म्हणतो, "काय नाय, शेळी इकडं आली का बघत होतो." माझ्याकडं शेळी नाही, हे त्यांना माहीत आहे. मी परत फिरतो.