सहाव्या प्रकरणातल्या खोल्या

ऑफिसात त्याला सगळे ‘शेवटकर’ म्हणायचे. हे काही त्याचं आडनाव नव्हे. बारा वर्षं तो वर्तमानपत्राच्या पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहीत होता आणि शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्यानं एकाही गेमवर एक ओळ लिहिली नव्हती, म्हणून हे नाव पडलं. बाकीची मंडळी दोन तास खेळतात, चार चित्रं बघतात आणि मत देऊन मोकळी होतात. हा गृहस्थ मात्र शेवटचा शत्रू मारायचा, शेवटचा संवाद ऐकायचा, आणि मग काळ्या पडद्यावरून वर सरकणारी, गेम बनवणाऱ्यांची नावंसुद्धा बघत बसायचा. सुरुवातीला त्याला याचा भारी अभिमान होता. आता एकोणपन्नासाव्या वर्षी नुसता कंटाळा उरला होता. उजवा अंगठा ठणकायचा, डोळे चुरचुरायचे, आणि जग वाचवून वाचवून जीव अगदी मेटाकुटीला आला होता. अहो, माणसानं किती वेळा वाचवायचं जग? दर पंधरवड्याला?

‘शून्य किनारा’ हा गेमही तसल्याच जातीचा. अंतराळात फिरणारं एक भलंमोठं स्थानक, तिथली यंत्रं बिथरलेली, माणसं गायब, आणि हातात वेल्डिंगची बंदूक घेऊन एक दुरुस्तीवाली बाई एकटीच आत शिरते. असली स्थानकं त्यानं पन्नास तरी पालथी घातली होती. एरवी त्यानं हा गेम सुरू करतानाच जांभई दिली असती. पण हा गेम ज्या कंपनीनं केला, तिथं त्याची धाकटी बहीण चार वर्षं कामाला होती.

चार वर्षं म्हणजे खरोखर चार वर्षं. दिवस नाही, रात्र नाही, सुट्टी नाही. कंपनीनं सह्या घेतल्या होत्या, त्यामुळे घरीसुद्धा कामाबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती. विचारलं की म्हणायची, “खोल्या करते.” बस्स. आई शेजारणींना सांगायची की मुलगी घरं बांधते, आणि शेजारणी आपापल्या स्वयंपाकघरातल्या गळतीबद्दल सल्ला विचारायला यायच्या. शेवटी धाकटीची पाठच गेली. गेम बाजारात यायला दहा आठवडे राहिले असताना डॉक्टरांनी तिला सक्तीनं आडवं केलं, नोकरी सुटली, आणि ती घरी आली. तेव्हापासून मागच्या खोलीत कडक गादीवर पडून असायची.

बहीणभावाचं बोलणं मात्र जेवायला चल, औषध घेतलंस का, एवढ्यावर आलं होतं. त्याला कारण होतं. बाबा गेले तेव्हा तिच्या नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. ती आली, दोन दिवस राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून परत निघाली. त्या दोन दिवसांत ती रडली नाही, आल्यागेल्यांशी बोलली नाही, बाबांच्या खोलीचं दार लोटून आत बसून राहिली. निघताना यानं दारात तिला सुनावलं होतं, की जा बाई, तिकडे तुझ्या खोल्या खोळंबल्या असतील.  हे वाक्य त्याला नंतर शंभरदा आठवलं, पण परत घेता येईल असा मुहूर्त काही सापडला नाही.

आणि आता तिनंच तोंड उघडून एक गोष्ट मागितली होती. गेम घरी आला त्या दिवशी ती भिंतीला धरून त्याच्या खोलीच्या दारापर्यंत आली, म्हणाली की शेवटी नावं येतात त्यात माझं आहे का तेवढं बघ, मला बघवणार नाही. त्यानं मनाशी ठरवून टाकलं. नाव दिसलं की तिला हाताला धरून आणायचं, पडद्यासमोर बसवायचं, आणि त्याच क्षणी ते दारातलं बोलणं मागं घ्यायचं. इतकी साधी योजना होती.

संपादकबाईंना त्यानं आधीच खरं काय ते सांगितलं, की बहीण तिथं होती, परीक्षण दुसऱ्या कुणाला द्या. बाई म्हणाल्या, दुसरं आहे कोण आपल्याकडे? लिही तू, फक्त खरं लिही. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मजकूर हवा.

मग काय, आठ दिवसांत एकतीस तास. सकाळी ऑफिस, दुपारी घरी येऊन पडद्यापुढे. आई मागं बसून शेंगा सोलायची आणि मधूनमधून, अजून मेला नाही का रे तो, असं विचारायची. खेळताना त्याचं लक्ष खेळात नव्हतं, शेवटाकडे होतं. लढाया त्यानं घाईघाईत उरकल्या, संवाद पुढं ढकलले, धावायचं बटण अंगठ्याखालून सोडलं नाही. जन्मात पहिल्यांदा शेवटकर शेवटाकडे धावत सुटला होता.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता स्थानक वाचलं. पडदा काळा झाला आणि नावं सुरू झाली. सव्वीस मिनिटं नावंच नावं. चष्मा पुसून, डोळ्यांत तेल घालून तो बघत होता. दिग्दर्शक आले, संगीतवाले आले, आवाज देणारे आले. खोल्या, भिंती, दिवे करणाऱ्यांची यादी आली तेव्हा तो उठून पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. त्यात ती नव्हती. मग भाषांतरवाले, हिशेब बघणारे, जेवणाचे डबे पुरवणारे, कंपनीतल्या लोकांना या काळात झालेली बाळं, आणि अगदी शेवटी ऑफिसातली मांजर. मांजरीचं नाव होतं, नीट दोन शब्दांत, आडनावासकट.

त्यानं यादी पुन्हा चालवली. आणखी सव्वीस मिनिटं. मांजर तिथंच होती.

आता त्याचा संताप काय विचारता! कंपनीनं पोरीच्या तोंडाला सरळ पानं पुसली होती. तो तरातरा लिहायला बसला आणि चार वर्षांची सगळी चीड त्यानं त्या गेमवर काढली. लढाया शिळ्या, कथा उसनी, शेवट पोकळ. वरचं सगळं खरंच होतं म्हणा. आणि सहाव्या प्रकरणाला तर त्यानं धरून झोडपलं. त्या प्रकरणात शत्रू नाहीत, कोडी नाहीत, दुरुस्तीवाली नुसती स्थानकातल्या राहत्या खोल्यांमधून पलीकडच्या दाराकडे जाते. त्यानं लिहिलं, ‘रिकाम्या खोल्यांतून खेळाडूला उगाच पायपीट करायला लावणारं हे प्रकरण अख्खं कापून टाकलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं.’ दहापैकी चार गुण. साडेतीन वाजले होते. पाठवण्याआधी त्यानं कागद छापून घेतला आणि धाकटीच्या खोलीत गेला.

नाव नाही, हे तोंडानं सांगायला त्याला जमेना. म्हणून त्यानं कागदच पुढे केला. तिला कळेल की दादानं त्यांची कशी खरडपट्टी काढलीय, एवढाच त्याचा हिशेब. ती उशीला टेकून वाचत होती आणि तो खिडकीचा गज धरून उभा होता. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी केली.

“नाव नसणार हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “गेम बाहेर पडायच्या दिवशी जो पगारपत्रकावर नसेल त्याचं नाव घालत नाहीत. नोकरी सोडली त्याच दिवशी सांगितलं होतं मला.”

“मग मला कशाला बघायला लावलंस?”

“तू स्वतः शेवटपर्यंत खेळावंस म्हणून. नाहीतर बहिणीचा गेम म्हणून दुसऱ्या कुणाला देऊन टाकला असतास.”

ती हळूहळू उठली. त्यानं हात पुढे केला तो तिनं धरला नाही, भिंत धरली. त्याच्या खोलीत येऊन तिनं कंट्रोलर घेतला आणि चार बटणं दाबून एक तक्ता उघडला. खेळाडू कुठल्या प्रकरणात किती वेळ होता याची तो गेम नोंद ठेवतो, हे बारा वर्षं परीक्षणं लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं नाही, पण तक्ते बघायला वेळ होता कुणाला. तिनं सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. अकरा मिनिटं.

“चौदा महिने लागले मला,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. “चाळीस खोल्या आहेत. माझ्या काय त्या एवढ्याच.”

 नाव शोधायला म्हणून तो धावत सुटला होता, आणि धावत धावत तिच्या चौदा महिन्यांमधून आरपार निघून गेला होता. वर त्या खोल्या कापून टाका म्हणून लिहून बसला होता. कुठं तोंड लपवावं त्याला कळेना. त्यानं फोन उचलला, संपादकबाईंना सांगितलं की आज परीक्षण येणार नाही. बाई भडकल्या. जागा सोडलीय, चित्र लावलंय, आता तिथं काय माझा फोटो छापू का, म्हणाल्या. तो म्हणाला, छापा. बारा वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता, त्यामुळे बघते काहीतरी म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मग तो सहाव्या प्रकरणात परत शिरला, चालत. धावायच्या बटणावरून अंगठा काढून ठेवला. धाकटी पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसली.

पहिल्या खोलीत दोघं जण राहत असावेत आणि त्यांचं फाटलेलं असावं, कारण जमिनीवर मधोमध पट्टी चिकटवून वाटणी केली होती. पण एके ठिकाणी ती पट्टी वीतभर उचकटलेली होती, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे एकाच किटलीतल्या चहाचे दोन कप. दुसऱ्या खोलीत कुणा मास्तरणीनं भिंतीवर पाढे लिहिले होते, सतराच्या पाढ्यात चूक होती, आणि खाली लहान अक्षरात कुणीतरी ती दुरुस्त केली होती. एका खोलीत चपलांचे सात जोड होते, सगळे डावीकडून झिजलेले. कुणीच कुठं दिसत नव्हतं आणि तरी प्रत्येक खोलीत कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटत होतं.  परीक्षणात ‘वातावरणनिर्मिती उत्तम’ असं लिहायची त्याला सवय होती, ते शब्द आता तिच्यासमोर काढायची त्याची हिंमत नव्हती. सोळाव्या खोलीपाशी त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण इथून आपण दार फोडून गेलो होतो हे त्याला आठवलं.

चोविसाव्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दुरुस्तीवालीनं ते ढकललं आणि त्याचा अंगठा जागच्या जागी थांबला.

एक वेताची खुर्ची होती. तिच्या मागच्या डाव्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारलेली. शेजारच्या स्टुलावर चष्मा, त्याची एक काडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली, दोऱ्याची टोकं न कापता तशीच सोडलेली. गोळ्यांची डबी, आठवड्याचे सात कप्पे, गुरुवारपर्यंतचे रिकामे. रेडिओवर घडी घातलेला हातरुमाल. बाबा गुरुवारी रात्री गेले होते.

आपण या खोलीत किती वेळ होतो? दहा सेकंद? पंधरा? पलीकडचं दार कुठं आहे तेवढं बघून तो निघून गेला होता.

खुर्चीजवळ गेल्यावर पडद्यावर एक शब्द उमटला, ‘बसा’. त्यानं धाकटीकडे बघितलं.

“बसून काही मिळत नाही,” ती म्हणाली. “नुसतं बसता येतं. ते बटण काढा म्हणून तीनदा सांगितलं होतं मला.”

त्यानं बटण दाबलं. दुरुस्तीवालीनं बंदूक खाली ठेवली आणि ती खुर्चीत टेकली. त्याला पुढचं नीट दिसेना, चष्मा काढून त्यानं सदऱ्यानंच डोळे पुसले.

आई शेंगांचं ताट घेऊन नेहमीसारखी आत आली, आज कोण मेलं ते बघायला. तिनं पडद्याकडे बघितलं आणि ताट तसंच हातात धरून उभी राहिली.

“ही ह्यांची खुर्ची,” ती म्हणाली.

 आई पुढं सरकली, वाकून तिनं तो दोरा बघितला, गोळ्यांचे कप्पे एकेक करून बघितले. मग धाकटीकडे वळली.

“तू दोनच दिवस होतीस गं. एवढं सगळं कधी बघितलंस?”

“दोन दिवस तेच करत होते,” धाकटी म्हणाली. “दुसरं काही जमत नव्हतं मला.”

आई तिच्या शेजारी पलंगावर बसली. त्यानं कंट्रोलर खाली ठेवला. इतके दिवस ठरवून ठेवलेली सगळी वाक्यं त्याला निरुपयोगी वाटली.

“त्या दोन दिवसांत बाहेर बसून तुला नावं ठेवत होते ना सगळे,” तो म्हणाला, “त्यात सगळ्यात जास्त मी बोलत होतो.”

“माहीत आहे,” धाकटी म्हणाली. “त्या खोलीची भिंत पातळ आहे.”