बॅटरीच्या डब्यातली मेथी

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर होतं. इन्व्हर्टरची बॅटरी संपली की दुकानदार जुनी घेऊन नवीवर थोडी सूट द्यायचा. दारावर येणारा कबाडी, म्हणजे भंगारवाला, मात्र जास्त पैसे द्यायचा. बाबा नागपूरकडचे, चार पैसे सुटले की दिवसभर खुशीत. आमची जुनी बॅटरी कधीच दुकानात गेली नाही.

ॲसिडने भरलेली बॅटरी सायकलवर नेणं अवघड, म्हणून कबाडी ती मागच्या अंगणातच फोडायचा. ॲसिड कोपऱ्यात ओतायचा, शिशाच्या प्लेटा पोत्यात भरायचा आणि म्हणायचा, "बाबूजी, डिब्बा आप रख लो." बाबा त्या डब्याला खाली भोकं पाडत, अंगणातली माती भरत आणि मेथी लावत. आमच्या ओळीत बहुतेकांकडे असे डबे होते. कुणाची मेथी जास्त दाट, यावरून बाबांची शेजारच्या काकांशी चढाओढ चालायची.

वहिनीला दिवस गेले तेव्हा तर बाबांच्या उत्साहाला ऊत आला. "सूनबाई, घरची आहे, बिनखताची," म्हणत रोज जुडी आणून देत. वहिनी सासऱ्यांचा शब्द मोडणारी नव्हे. डोहाळजेवणानंतर डॉक्टरबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं, तेव्हा तिने कौतुकाने डब्यांचं सांगितलं. बाईंनी लगेच रक्त तपासायला लावलं. त्यात शिसं निघालं.

मला बाबांचा असा संताप आला, की कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. सगळी नोकरी कारखान्यात काढलेल्या माणसाला हे कळू नये? दुकानातून जुनी बॅटरी रीतसर शिसं गाळणाऱ्या भट्टीला जायची. तिथे धूर आणि ॲसिड आवरायला खर्च येतो, म्हणून दुकानदार कमी द्यायचा. कबाडी तो खर्च आमच्या अंगणात टाकून जात होता आणि आम्ही त्याला फायदा म्हणत होतो.

बाळ दिसायला धडधाकट झालं. आता तीन वर्षांचं होईल, पण बोलत नाही. कारण शिसंच, असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मुलगे उशिराच बोलतात, असं आई येईल त्याला सांगते. बाबा रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन बसतात. "आजोबा म्हण. आ-जो-बा." तो हसतो आणि त्यांचा चष्मा ओढतो. मला ते ऐकवत नाही.

वहिनीने त्यांना कधी बोल लावला नाही. परवा ती एवढंच म्हणाली, "बाबा, पुरे आता. दमला तो."

"एकदाच म्हणू दे गं," बाबा म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले.